तीस मीटर वायर

आमच्या जहाजाला नाव नव्हतं, आकडा होता. आकड्याला प्रेमाने हाक कशी मारणार, म्हणून आम्ही त्याला घमेलं म्हणायचो. बूडही तसंच होतं, सपाट. इतर कुठल्याही जहाजाचं बूड जमिनीला लागलं तर कप्तानाची नोकरी जाते. आमचा कप्तान मात्र मुद्दाम जहाज किनाऱ्यावर घुसवायचा. पुढची दोन दारं उघडायची, पोलादी रॅम्प पाण्यात पडायचा, पोटातले शिपाई आणि रणगाडे बाहेर पडायचे, आणि आम्ही माघारी. घुसणं सोपं होतं. माघारी निघणं हे माझं काम होतं.

ते काम असं. किनारा जवळ आला की कप्तान फोनवर सांगायचा आणि मी मागचा नांगर सोडायचो. नांगर तळाशी रुतायचा, जहाज पुढे जात राहायचं आणि माझ्या विंचवरून, म्हणजे वायर गुंडाळायच्या यंत्राच्या ड्रमवरून, तीनशे मीटर पोलादी वायर सुटत जायची. माल उतरला की मी तीच वायर परत गुंडाळायचो, म्हणजे जहाज स्वतःला नांगराकडे ओढून घेत वाळूतून सुटायचं. विंच अगदी शेपटाला होता, तोंड समुद्राकडे. पासष्ट माणसं पुढे बघायची आणि मी एकटा मागे. म्हणून मला सगळे खेकडा म्हणत. कानांवर फोनचे दोन डबे, समोर नुसतं पाणी. मी चार लढाया लढलो आणि एकही पाहिली नाही.

पहिल्या लढाईत विंच माझा नव्हता. एका म्हाताऱ्या खलाशाचा होता आणि मी त्याचा मदतनीस होतो. त्या दिवशी जहाज जरा जास्तच जोरात घुसलं. वायर संपली. ड्रमवरचं तिचं शेवटचं टोक उपटून निघालं आणि चाबकासारखं फिरलं. म्हातारा माझ्याशी काहीतरी बोलत होता. वाक्य अर्धंच राहिलं, कारण तोही अर्धाच राहिला. कमरेच्या वरचा भाग कठड्यापाशी जाऊन पडला आणि पाय विंचपाशी थोडा वेळ उभेच होते. नांगर गेला तसे आम्ही सहा तास वाळूत रुतून बसलो आणि सहा तास ते आमच्यावर तोफा डागत राहिले. संध्याकाळी भरती आली तेव्हा जहाज आपोआप तरंगलं. अकरा माणसं गेली. डेक मी धुतला.

तेव्हापासून विंच माझा.

माझी धाकटी बहीण हे सगळं ऐकून होती. तिच्या नवऱ्याला भरतीचा कागद आला तेव्हा ती तडक माझ्याकडे आली आणि चपलाही न काढता स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"दादा, ह्यांना तुझ्या जहाजावर घे."

"माझ्या बापाचं जहाज आहे का ते?"

"तुमचं जहाज परत येतं ना?"

"येतं."

"कोण आणतं?"

"मीच आणतो," मी म्हणालो. त्यात थोडी बढाई होती, पण खोटं काहीच नव्हतं.

"मग झालं तर. ह्यांनाही आण."

आता तिच्याशी वाद कोण घालणार. मी नेमणुकीच्या कारकुनाच्या पंधरा दिवस मागे लागलो, त्याच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय दुरुस्त करून दिला, आणि भाऊजी घमेल्यावर आले. त्यांना काम मिळालं पुढच्या टोकाला, रॅम्प सोडण्याचं. मी शेपटाला, ते तोंडाला, मध्ये बासष्ट मीटर लोखंड. फोनची तार मात्र एकच होती. मनोऱ्यात कप्तान, पुढे भाऊजी, मागे मी. एकाने तोंड उघडलं की तिघांच्या कानात.

भाऊजी धंद्याने रंगारी. घरं रंगवायचे. शांत माणूस, शिडीवर दिवस काढलेला. जहाजावर ते माझ्या हाताखालचे आणि घरात मानाचे, त्यामुळे माझी फार पंचाईत व्हायची. "अहो भाऊजी, अक्कल गहाण टाकली का आपण?" असं मी अहो-जाहोमध्ये ओरडायचो आणि अख्खं जहाज हसायचं. ते मला "दादा, तुम्ही" म्हणायचे. कधी आवाज चढवला नाही.

वायरवर खुणा असत. दर पन्नास मीटरवर पांढरा पट्टा, आणि शेवटचे तीस मीटर सलग लाल. लाल दिसलं की फोनवर 'लाल' म्हणायचं आणि हळूहळू ब्रेक आवळायचा, असा नियम. शेवटच्या लढाईच्या दोन दिवस आधी खुणा पुसट झाल्या म्हणून मी वायर डेकवर पसरली. भाऊजी स्वतःहून ब्रश घेऊन आले. रंगारीच ते, रंगाचा डबा दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा.

"लाल कुठपासून घेऊ?"

मी पावलं मोजत जाऊन एका जागी उभा राहिलो. "इथपासून."

त्यांनी टोकापर्यंत नजर टाकली. भिंतीकडे बघून किती रंग लागेल सांगणारी नजर ती, चुकायची नाही. "हे साठ आहेत, दादा. तीस ना?"

"नियम लिहिणारा विंचजवळ बसत नाही," मी म्हणालो. म्हाताऱ्याचं त्यांना माहीत होतं. "तीस सरकारचे, तीस माझे. दोन लढाया असंच चाललंय, कुणाला पत्ता नाही. तुमच्या बायकोला शब्द दिलाय मी."

"कप्तानाला सांगितलंत?"

"कशाला? तो म्हणेल पुसून टाक."

भाऊजी खाली बसले आणि साठ मीटर वायर इतकी सुंदर रंगवली की मला ती पाण्यात सोडवेना. त्यांच्या नखांत तो लाल रंग जाऊन बसला. दोन दिवस रॉकेलने घासत होते, निघाला नाही.

चौथ्या लढाईच्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही किनाऱ्याच्या दिशेने वळलो. पोटात तीन रणगाडे आणि त्यांच्या पुढे, रॅम्पला नाक लावून, चाळीस शिपाई. प्रत्येकाच्या पाठीवर पंचवीस-तीस किलोचं ओझं. मी नेहमीसारखा पाठमोरा. माझ्यासमोर आमच्याच मागून येणारी सात जहाजं होती. पहिल्या पाच मिनिटांत सातची पाच झाली. एकाच्या पोटात दारूगोळा होता; ते फुटलं नाही, पुसलं गेलं. त्याच्या जागी पाण्याचा खांब उभा राहिला आणि खाली पडताना त्यातून लोखंड आणि माणसं वेगवेगळी पडली. एक बूट माझ्या विंचजवळ येऊन आदळला. रिकामा नव्हता. मी तो पायाने बाजूला सारला, कारण वायरच्या वाटेत काही ठेवायचं नसतं.

"नांगर सोड," कप्तान फोनवर म्हणाला.

मला वाटलं, जरा लवकर झालं. पण मला किनारा कुठे दिसत होता? मी सोडला. वायर सुटू लागली. पांढरा, पांढरा, पांढरा, पांढरा. ब्रेकवर हात ठेवून मी मोजत होतो. आणि लाल आलं.

"लाल," मी म्हणालो.

त्याच वेळी वर मनोऱ्यावर गोळा बसला. कानातल्या डब्यात असा आवाज झाला की दात दुखले. नंतर तारेवर मनोऱ्याच्या बाजूने काहीच येईना. माझं 'लाल' कप्तानाने ऐकलंच नाही. माझे हात मात्र नियमाने चालले. मी ब्रेक आवळला. घमेलं एक गचका खाऊन थांबलं. इंजिनं पुढेच रेटत होती, वायर ताणून थरथरत होती आणि ब्रेकच्या पट्ट्यांतून जळका वास येत होता.

"दादा." फोनवर भाऊजी. "ही वाळू नाही. तुम्ही धरलंय. पुढे पाणी खोल आहे. ते तीस सोडा."

मला म्हाताऱ्याचे उभे पाय दिसत होते. तीस सोडले की हातात काही उरत नाही. टोक उपटलं तर मी मरेन. नांगर गेला तर घमेलं दिवसभर वाळूत बसेल आणि भाऊजी त्याच्या तोंडाशी बसतील, जिथे आधी गोळे लागतात. मी त्यांना जिवंत न्यायला निघालो होतो. हे सगळं मला त्या क्षणी अगदी शहाणपणाचं वाटलं, आणि आजही मला त्याचीच चीड येते.

"थांबा," मी म्हणालो. "कप्तानाकडून हुकूम येऊ दे."

"मनोरा फुटलाय. हुकूम कोण देणार?"

तेवढ्यात घंटा वाजली. रॅम्प सोडायची घंटा, तारेने ओढायची. वर कप्तान जिवंत होता. काचा डोळ्यांत गेल्या होत्या, काही दिसत नव्हतं. जहाज थांबलेलं त्याला पायांना कळलं आणि त्याने समजून घेतलं की वाळू लागली.

पुढचं मी कानांनी पाहिलं. भाऊजींचा फोन चालूच होता. शिपायांचा हवालदार ओरडत होता, घंटा झाली, सोड. भाऊजी म्हणत होते, पाणी खोल आहे, थोडं थांबा, मागून वायर देतोय. मागून वायर देतोय. माझ्या वतीने माणूस शब्द देत होता. मशीनगनच्या गोळ्या दारांवर पत्र्यावर गारा पडाव्यात तशा पडत होत्या. मग एक थापडीसारखा आवाज आला आणि भाऊजींचा श्वास अडकला. हवालदाराने बंदुकीचा दस्ता मारला होता. साखळ्या खळखळल्या आणि रॅम्प पडला. पडण्याचा आवाज ओला होता. वाळूवर पडलेला रॅम्प ठण्णकन वाजतो.

"चला, चला," हवालदार ओरडला. पहिली ओळ धावत बाहेर पडली आणि तिचा आवाज बंद झाला. दुसरी ओळ पडली. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, गोळ्या आत येत होत्या, म्हणून ते ढकलत होते. कुणीतरी "आई" म्हणाला आणि तोंडात पाणी शिरल्यावर शब्द होतो तसा तो शब्द झाला. आत, रॅम्पच्या तोंडाशी, मशीनगन माणसं फाडत होती. बाहेर ओझी त्यांना तळाशी नेत होती.

"सोड!" भाऊजी फोनमध्ये किंचाळले. "अरे सोड ना, तुझ्याकडे आहे! सोड!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला अरे-तुरे बोलले. माझे हात ब्रेकवरच होते. मी "थांबा" म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो. त्यानंतर त्यांचा आवाज आला नाही. फोन नुसता लोंबकळत पत्र्यावर आपटत होता, टक, टक, आणि त्याच्या मागे माणसं बुडत होती.

तो आवाज मी किती वेळ ऐकला ते मला माहीत आहे. विंचसमोर घड्याळ असतं. मी ब्रेक आवळल्यापासून चार मिनिटं झाली होती. मग मला सहन झालं नाही. मला वाटलं, जहाज पुढे गेलं की त्यांच्या पायांखाली जमीन येईल. एवढंच वाटलं. मी ब्रेक पूर्ण सोडला.

पूर्ण जोरात रेटणारी इंजिनं, आणि मागची पकड सुटलेली. घमेलं उडी मारल्यासारखं पुढे गेलं. लाल वायर माझ्यासमोरून इतक्या वेगाने निघाली की ती वायर न दिसता नुसता रंग दिसत होता. आणि कानात भाऊजींचा जोडीदार ओरडू लागला. चष्मेवाला म्हणायचो आम्ही त्याला.

"धर! धर! भाऊजी पाण्यात आहेत! धर!"

त्यांना सगळं जहाजच भाऊजी म्हणायचं.

मी ब्रेकवर सगळं अंग टाकलं. पट्ट्या जळाल्या, तळहातांची कातडी चाकाला चिकटली. जहाज थांबलं ते ब्रेकने नाही, वाळूने. ते थांबण्याआधी रॅम्पखालून जो आवाज फोनवर आला तो लाकडाचा नव्हता आणि लोखंडाचाही नव्हता. पाण्यात तेव्हा वीस-पंचवीस जण होते. भाऊजींनी कमरेला दोर बांधून उडी मारली होती, दोराचं दुसरं टोक चष्मेवाल्याकडे. दोघांना त्यांनी रॅम्पवर चढवलं होतं. तिसऱ्याची कॉलर हातात होती. दोघेही रॅम्पखाली गेले. नंतर त्याच रॅम्पवरून तीन रणगाडे उतरले, कारण ते उतरवायलाच आम्ही आलो होतो.

माल उतरला तसा मी विंच सुरू केला. ड्रमवर फक्त चार वेढे शिल्लक होते. चार. मी टोकाच्या खिळ्याकडे बघत उभा होतो. तो हललासुद्धा नाही. नांगराने घट्ट धरलं, घमेलं वाळूतून सुरळीत सुटलं आणि वीस मिनिटांत आम्ही तोफांच्या टप्प्याबाहेर होतो. मी राखलेले ते तीस मीटर ड्रमवर नव्हते, तरी काही बिघडलं नाही.

मग मी पहिल्यांदा लढाईच्या दिवशी पुढे चालत गेलो. चष्मेवाला दोर धरूनच बसला होता. रॅम्प वर उचलताना भाऊजी दोरासकट वर आले होते. तोंडावरून ओळखता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. हात मात्र शाबूत होते, आणि नखांत लाल रंग होता.

आठवड्याने मला इस्पितळात कप्तानापुढे बोलावलं. हा कप्तान युद्धाआधी शाळेत भूगोल शिकवायचा. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. नर्स बाहेर गेल्यावर त्याने विचारलं.

"खेकड्या, लाल किती होतं?"

"साठ."

त्याने मान हलवली. "मी नांगर पन्नास मीटर आधी सोडायला सांगितला. मुद्दाम. दूर पडलेला नांगर जास्त चांगला ओढतो. पहिल्या वेळेपासून मलाही धास्ती होती. कुणाला सांगितलं नाही."

दोघांनी आपापली काळजी घेतली होती, आणि दोन काळज्यांच्या बेरजेत चौतीस माणसं गेली होती.

"अहवालात वाळूचा उंचवटा लिहिलाय," तो म्हणाला. "घरी तसंच पत्र जाईल. तू गप्प राहा. तुला काही होणार नाही."

बहिणीकडे ते पत्र माझ्या आधी पोहोचलं होतं. मी गेलो तेव्हा ते टेबलावर उघडं पडलेलं होतं, कपाखाली दाबून ठेवलेलं. पुढची खोली एका भिंतीपुरती पिवळी होती. बाकीच्या तीन भिंती भाऊजी परत आल्यावर रंगवणार होते. मी खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिलो. तळहातांना पट्ट्या होत्या, हात खिशातही घालता येत नव्हते.

"यात लिहिलंय, जहाज वाळूच्या उंचवट्यावर अडकलं," ती म्हणाली. "मग पुढे कसं गेलं?"

"लाटेने गेलं असेल."

"तू तिथेच होतास ना?"

"मी मागे होतो."

तिने पत्र परत कपाखाली सरकवलं. मग म्हणाली, "दादा, इकडे तोंड कर आणि सांग."

मी वळलो. आणि सांगितलं. साठ सांगितले, तीस सांगितले, ते मला काय म्हणाले ते सांगितलं, मी दोनदा थांबा म्हणालो ते सांगितलं. मी ब्रेक सोडला आणि ते जहाजाखाली गेले, हेही सांगितलं. तिच्यासाठीच वायर राखून ठेवली होती असं म्हणायचं ओठांवर आलं होतं. तेवढं मात्र मी गिळलं.

ती रडली नाही. तिने विचारलं, "ह्यांनी मागितल्यापासून तू देईपर्यंत किती वेळ गेला?"

"चार मिनिटं."

भिंतीवर घड्याळ होतं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बस."

मी बसलो. ती माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. ती माझ्याकडे बघत होती, मलाही नजर हलवता येईना. पहिलं मिनिट गेलं तेव्हा मला वाटलं, झालं असेल. बाहेर कुणीतरी सायकल उभी करून कुलूप लावलं. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, नळ सोडला, भांडी घासली, नळ बंद केला. दोन मिनिटं. तेवढ्यात माणूस शिडी चढून उतरला असता. तेवढ्यात मी पन्नास वेळा ब्रेक सोडू शकलो असतो. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला, आणि तो पुसायला हात उचलावा एवढीही माझी हिंमत झाली नाही. तिची नजर ढळली नाही. तिसरं मिनिट संपता संपता माझ्या तोंडून "पुरे" निघालं.

"थांब," ती म्हणाली.

चौथं मिनिट पूर्ण झालं. ती उठली, पत्रावरचा कप उचलून मोरीत ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून दार उघडलं.

"आता जा," ती म्हणाली.

मी गेलो.